ईदीच्या पैशात कोणता इअरफोन? स्वस्तातल्या इन-इअर मॉनिटरची तुलना

ईदच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की मुलांच्या दप्तरात नवीन इअरफोन दिसायला लागतात. कुणाला मामूने ईदी दिलेली असते, कुणाचे अब्बा कुवेतहून किंवा जेद्द्याहून आलेले असतात. मग पालक सभेत अम्मी विचारतात, ‘सर, पोरगं दोन हजाराचा इअरफोन मागतंय, गल्लीतल्या दुकानात तर दीडशेला मिळतो. एवढा काय फर्क असतो?’ काही पालकांची तक्रार उलटी असते. पोरगं दिवसभर कानात बोळे घालून बसतं, हाक मारली तरी ऐकत नाही, कान खराब होतील का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोघांचं उत्तर बरंचसं एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून हा लेख. संगीत ऐकावं की नाही याबद्दल आपल्या घराघरात मतं वेगळी आहेत, त्या मसल्यात आम्ही इथे शिरत नाही. तिलावत ऐका, नात ऐका, मेहदी हसन यांची गझल ऐका किंवा नुसरत फतेह अली खान यांची कव्वाली ऐका, कानाच्या पडद्याला डेसिबल तेवढेच कळतात.

आयईएम म्हणजे नेमकं काय

इन-इअर मॉनिटर, थोडक्यात आयईएम, ही मुळात स्टेजवरच्या कलाकारांची वस्तू. स्टेजवर ढोल, गिटार आणि मोठ्या स्पीकरच्या गोंगाटात गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून कानाच्या आत घट्ट बसणारा छोटा स्पीकर तयार झाला. बाहेरचा गोंगाट अडला की आतला आवाज कमी ठेवूनही सगळं ऐकू येतं, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत जेरी हार्वे या साउंड इंजिनिअरने १९९५ मध्ये व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी असे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. तेव्हा ती फार महागडी चीज होती. गेल्या दहाएक वर्षांत चीनमधल्या शेंझेन, चेंगडू अशा शहरांतल्या कंपन्यांनी तीच रचना हजार-दोन हजार रुपयांत आणून ठेवली.

साधा इअरबड, म्हणजे जुन्या मोबाइलबरोबर यायचा तो गोल चकतीसारखा, कानाच्या तोंडाशी नुसता टेकतो. आयईएमला पुढे नळी असते, नळीवर सिलिकॉनची मऊ टोपी असते आणि ती टोपी कानाच्या भोकात जाऊन बाटलीच्या बुचासारखी बसते. बहुतेकांची वायर कानावरून मागे घ्यायची असते. बाजारात रबरी टोपीच्या सगळ्याच इअरफोनना हल्ली आयईएम म्हणतात. शब्दावर फार जाऊ नका, टोपी नीट बसते का ते पाहा.

पोलादपूरच्या एसटीत बसून हिशोब

आमच्याकडची बरीच मुलं आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाड्यांवरून पोलादपूरला उतरतात आणि तिथून पुढे महाडला कॉलेजला जातात. येऊन-जाऊन दिवसाचे दीड-दोन तास एसटीत जातात. वळणावळणाचा रस्ता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढणारं डिझेल इंजिन, खडखडणाऱ्या काचा. अशा बसमध्ये आवाज ८० डेसिबलच्या आसपास सहज जाऊ शकतो. घरात दोन माणसं शांतपणे बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल धरा.

आता जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बघा. मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर सरासरी आवाज ८० डेसिबलच्या वर नको. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. डेसिबलचं गणित आपल्या नेहमीच्या गणितासारखं चालत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. १० डेसिबल वाढले की वेळ दहावा हिस्सा उरतो. म्हणजे मोठ्या माणसाला ८० डेसिबलला ४० तास, ९० ला ४ तास आणि १०० ला आठवड्याभरात फक्त २० मिनिटांच्या आसपास.

हे एसटीतल्या पोराला लावून बघा. कानात ढिला इअरबड आहे, बाहेर ८० डेसिबलचा गोंगाट आहे. गाण्याचे शब्द कळायला तो आवाज ९० पर्यंत नेणार. मुलांच्या मर्यादेने ९० डेसिबलला आठवड्याला सव्वा तास मिळतो. तो सोमवारीच संपला. मंगळवारपासून शनिवारपर्यंतचं सगळं ऐकणं उधारीवर.

त्याच पोराच्या कानात नीट बसणारा आयईएम घाला. चांगली बसलेली टोपी बाहेरचा आवाज १५ डेसिबलच्या आसपास कमी करते. इंजिनची खालची घरघर थोडी कमी अडते, वरचा कलकलाट जास्त अडतो. कानात पोचणारा गोंगाट ६५ वर आला, तर ७५ डेसिबलमध्ये नात अगदी स्वच्छ ऐकू येते. आठवड्याचे नऊ-दहा तासही मर्यादेच्या आत बसतात. फोन तोच, मूलही तेच, फक्त टोपी वेगळी आहे.

आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात सुमारे १६,०००. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. सुरुवातीला दुखतही नाही. इअरफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटणं किंवा लोकांचं बोलणं कापसातून आल्यासारखं वाटणं ही पहिली खूण. मूल असं काही सांगत असेल तर ‘चल, नाटक नको’ म्हणू नका, कानाच्या डॉक्टरकडे न्या.

किंमत वाढली की आवाज सुधारतो का?

एका मर्यादेपर्यंत हो, पुढे नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन-इअरफोनची मोजमापं आणि त्यांच्या किमती समोरासमोर ठेवल्या. कोणता सूर किती जोरात वाजतो, याचा किमतीशी संबंध त्याला सापडला नाही. महाग वस्तूत धातूची बॉडी, चांगली वायर, देखणा खोका मिळतो. आवाजाचा समतोल मात्र इंजिनिअरने तो कसा जुळवला यावर ठरतो.

हा समतोल म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच आहे. आवाजाचे ढोबळ तीन थर धरा. खालचा थर बेस, म्हणजे तबल्याचा डग्गा, ढोलकीची घुमक. मधला थर माणसाच्या आवाजाचा, हार्मोनियमचा. वरचा थर ट्रेबल, म्हणजे टाळ्या, झांज आणि ‘स’, ‘श’, ‘झ’ यांची धार. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती स्वतःच ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून देते. बासरीच्या नळीत हवा ठराविक सुरात घुमते, तोच नियम. इअरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ही कुदरती वाढ बिघडते. म्हणून चांगला आयईएम तेवढी वाढ स्वतःच्या आवाजात घालून देतो. ती कमी पडली तर गायक मागच्या खोलीत बसून गातोय असं वाटतं. जास्त झाली तर आवाज टोचतो.

अमेरिकेतल्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लोकांना ऐकवून, बहुतेकांना कोणता समतोल आवडतो याचा एक आलेख तयार केला. आजचे स्वस्त आणि मस्त आयईएम बरेचसे त्या आलेखाच्या आसपास जुळवलेले असतात. हे संशोधन जाहीर झालं, म्हणूनच दोन हजाराच्या वस्तूत आज एवढा दम आहे.

खोक्यावर ‘दोन ड्रायव्हर’, ‘चार ड्रायव्हर’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ड्रायव्हर म्हणजे आतला इवलासा स्पीकर. पडदा, तारेचं वेटोळं आणि चुंबक असलेला एकच साधा डायनॅमिक ड्रायव्हर नीट जुळवला तर सगळे थर व्यवस्थित वाजवतो. भांड्यांची संख्या वाढवून बिर्याणी चांगली होत नाही.

कोणत्या पैशात काय मिळतं

किमती ऑफरप्रमाणे वर-खाली होतात, म्हणून आम्ही अंदाजाने पायऱ्या सांगतो.

पाचशेच्या आसपास बोट कंपनीचा बासहेड्स १०० आणि त्याच्या थोडा वर जेबीएलचा सी १०० एसआय हे दोन सगळीकडे मिळतात, महाडच्या बाजारातही. दोघांना माइक आहे, म्हणून ऑनलाइन क्लासला आणि आखातातल्या अब्बांशी बोलायला सोयीचे. दोघांचाही कल बेसकडे आहे. फिल्मी गाण्याला मजा येते, पण बेस मधल्या थरावर पसरतो आणि गायकाचे शब्द थोडे झाकले जातात. वायर बॉडीलाच जोडलेली असते. मुलांच्या हातात वायर आधी जाते, आणि वायर गेली की अख्खा इअरफोन गेला.

हजाराच्या आसपास केझेड कंपनीचा ईडीएक्स प्रो येतो. खऱ्या आयईएमची सुरुवात इथून होते: वायर वेगळी निघते, कानामागून जाते, बॉडी कानाच्या खळग्यात बसते. आवाजाची जुळवणी अशी की बेस वर, ट्रेबलही वर आणि मधला थर जरा मागे. पहिल्यांदा ऐकताना भारी वाटतो. कव्वालीतल्या टाळ्या चमकतात, ढोलक ठोसा मारते. तासभर ऐकलं की काहींना तीच चमक टोचायला लागते. हा माइकसकट आणि माइकशिवाय असा दोन्ही प्रकारे मिळतो, तेव्हा घेताना बघून घ्या.

दोन हजाराच्या आसपास तिघांत खरी चुरस आहे: तांगझू कंपनीचा वानएर, मूनड्रॉपचा चू २ आणि सेव्हन हर्ट्झचा झीरो २. तिघांतही एकेकच डायनॅमिक ड्रायव्हर, तिघांचीही वायर बदलता येते. वानएरचा आवाज किंचित ऊबदार, गायकाचा गळा पुढे आणणारा. गझल आणि नात ऐकणाऱ्याला आम्ही हाच आधी सुचवू. चू २ ची बॉडी धातूची आणि आकाराने लहान, म्हणून छोट्या कानाच्या मुलामुलींना तो सोपा जातो. आवाज स्वच्छ, वरचा थर थोडा उजळ. याची पुढची नळी स्क्रूने निघते आणि बदलता येते, म्हणजे कानातला मळ जाळीत अडकला तर अख्खा पीस टाकून द्यावा लागत नाही. झीरो २ मध्ये खालचा थर जरा भरलेला, पण मधल्या थरावर चढत नाही. सगळं थोडं थोडं ऐकणाऱ्या घरासाठी बरा. तिघांपैकी कोणताही घेतला तरी पैसे वाया जाणार नाहीत. पाचशेवरून दोन हजारावर जाताना जो फर्क जाणवतो, तेवढा दोन हजारावरून दहा हजारावर जाताना जाणवत नाही.

आणि बजेट तीनशेच असेल तर? तीनशेचाच घ्या, पण टोपी नीट बसणारा घ्या. फार पैसे नाहीत म्हणून कान खराब होतात असं नाही.

कशावर ऐकून पारखायचं

दुकानदार एक धडाकेबाज गाणं लावतो, दोन इअरफोन कानात देतो आणि आपल्याला जास्त जोरात वाजणारा चांगला वाटतो. हे प्रत्येकाच्या कानाचं होतं, कारण थोडा मोठा आवाज मेंदूला ‘चांगला’ वाटतो. त्यात प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते, फोनचा आवाज तेवढाच ठेवला तरी एक जोरात वाजतो, एक हळू. म्हणून तुलना करताना दोन्ही सारख्याच जोरात वाजतील असा आवाज आधी जुळवून घ्या आणि मग ऐका. एवढं केलं तरी दुकानातल्या निम्म्या गप्पा गळून पडतात.

ऐकायला आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, तिलावत. घरात हिफ्ज करणारं मूल असेल तर ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची. उर्दू-मराठी बोलणाऱ्या आपल्या जिभेवर सीन, साद आणि से हे तिन्ही एकच ‘स’ होऊन जातात. कारींच्या तोंडून मात्र तिघांत स्पष्ट अंतर असतं, आणि ते अंतर मधल्या व वरच्या थरात राहतं. बेस फार वाढवलेला इअरफोन खालच्या आवाजाने हे थर झाकतो. मग मूल कितीही वेळा ऐकलं तरी त्याच्या कानापर्यंत फरकच पोचत नाही, आणि उस्ताद त्याला रागावतात. कारी अब्दुल बासित यांची एखादी जुनी तिलावत लावा आणि हे तीन हर्फ वेगळे ऐकू येतात का ते मुलालाच विचारा.

दुसरी, तानपुरा. मिरजेत पिढ्यान् पिढ्या सतार-तानपुरे बनवणारी घराणी आहेत, त्यातली बरीच मुस्लिम, आणि मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तानपुऱ्याच्या तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात. मग एका तारेतून एकाच वेळी खालपासून वरपर्यंत सुरांची रांग उमटते. म्हणजे इअरफोन तपासायला याहून सोपं साधन नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचे फुकट ॲप मिळतात. चांगल्या इअरफोनवर तानपुरा गुंजारव करतो आणि आतले सूर फिरताना कळतात. वाईटावर नुसती घुमघुम येते किंवा पत्र्यासारखी झणझण.

तिसरी, जुनं रेकॉर्डिंग. मिरजेतच राहिलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांचं गाणं ७८ च्या तबकड्यांवर आहे. त्या तबकड्यांत वरच्या थरात गाणं थोडं आणि खरखर फार. ट्रेबल चढवलेला इअरफोन ती खरखरच वर काढतो आणि गळा मागे पडतो. ऊबदार जुळवणीच्या इअरफोनवर तेच गाणं ऐकवतं. ज्यांच्या घरी दादा-दादींना जुनं ऐकायचा शौक आहे, त्यांनी चमकदार आवाजाच्या मागे लागू नये.

एक बाब मध्येच सांगून टाकतो. व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरून आलेली नात कोणत्याही इअरफोनवर फाटकीच वाजते. फाइल बऱ्याचदा आधीच फार दाबलेली असते. घाटात रेंज जाते, म्हणून मुलं अशाच फाइली साठवून ठेवतात. त्यापेक्षा घरी वायफायवर चांगल्या दर्जाची फाइल एकदा डाउनलोड करून ठेवा.

टोपी बसली की नाही, हे कसं कळणार

खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा टोप्या येतात. बहुतेक जण लावून आलेली मध्यम तशीच वापरतात आणि ‘बेस नाही’ म्हणून इअरफोनला नावं ठेवतात. बारीकशी फट राहिली तरी बेस आधी निसटतो. तपासायची रीत सोपी आहे. डग्गा किंवा ढोलक वाजतंय असं काही लावा आणि इअरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर बेस वाढला तर टोपी लहान पडते, पुढचा आकार लावा. दाबून काही बदललं नाही आणि कानही दुखत नाही, तर बरोबर बसलंय. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते. कित्येकांचे दोन कान सारखे नसतात, तेव्हा उजवीकडे मोठी आणि डावीकडे मध्यम असं लावलं तरी काही बिघडत नाही. मुलांच्या कानाला लहान टोपीही मोठी पडत असेल तर जबरदस्ती करू नका. त्या वयाला डोक्यावरचा हेडफोन बरा.

टोपी नीट बसली की एक नवीन धोका येतो: बाहेरचं ऐकू येत नाही. बसमध्ये बसून ऐकणं वेगळं. पण महामार्गाच्या कडेने किंवा घाटरस्त्याने चालताना दोन्ही कान बंद म्हणजे मागून येणारा ट्रक कळत नाही. रस्त्यावर पाय ठेवला की इअरफोन खिशात, हा नियम घरात पक्का करा. गाडी चालवणाऱ्याने तर लावूच नये.

वायर की ब्लूटूथ

मुलांना ब्लूटूथचेच हवे असतात, आम्हाला ठाऊक आहे. सोय आहे, नाकारत नाही. नॉइज कॅन्सलेशन असलेले बसच्या इंजिनची घरघर चांगली मारतात, टोपीपेक्षाही जास्त. पण त्यात इवलीशी बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत दमते आणि बदलता येत नाही. एक बड हरवला की जोडी गेली. वायरवाल्याची वायर तुटली तर काही शे रुपयांत नवीन बसते. फक्त केझेडचं सॉकेट इतरांपेक्षा वेगळ्या आकाराचं असतं, म्हणून वायर मागताना मॉडेलचं नाव सांगा. तेवढ्याच पैशात आवाज वायरमध्ये जास्त चांगला मिळतो, हे आमचं स्पष्ट मत.

अडचण एकच. नव्या बऱ्याच फोनना गोल जॅकच नसतो. मग टाइप-सीचा छोटा जोड घ्यावा लागतो. त्यात डॅक चिप असलेलाच मागा. चिप नसलेला अगदी स्वस्त जोड काही फोनवर चालतो आणि काहींवर मुका राहतो. वर सांगितलेल्या सगळ्या इअरफोनना साध्या फोनची ताकद पुरते, वेगळा ॲम्प्लिफायर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालायची सोय असते. सॅमसंगच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हॉल्यूम लिमिट आहे, त्याला पिनही लावता येतो. आयफोनमध्ये मोठा आवाज आपोआप कमी करायची सेटिंग आहे. मुलाच्या फोनवर इअरफोन देण्याच्या दिवशीच हे करून टाका. नंतर केलं की भांडण होतं.

कोकणचा पाऊस आणि कान

जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे कान कुठून कोरडे राहणार! दमट हवेत कानाच्या नळीत बुरशी धरते, आणि वर टोपी लावून ठेवली की आतली ओल आतच राहते. आंघोळीनंतर किंवा वजूनंतर कान ओला असेल तर आधी रुमालाच्या टोकाने बाहेरून टिपा, थोडं वाळू द्या, मग इअरफोन घाला. काडी किंवा पिन आत घालू नका. आठवड्यातून एकदा टोप्या काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून परत लावा. इअरफोनची बॉडी मात्र धुवायची नाही, कोरड्या मऊ ब्रशने जाळी पुसायची. झाकणाच्या डब्यात बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकून इअरफोन ठेवला तर पावसाळा निभावतो. लहान भावंडं घरात असतील तर ती पुडी त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

भाऊ-बहिणीत एकच इअरफोन फिरतो, हे आम्हाला माहीत आहे. फिरवायचाच असेल तर प्रत्येकाच्या टोप्या वेगळ्या ठेवा. खोक्यात तीन जोड्या येतात, बाहेर सुट्याही मिळतात. कुणाचा कान वाहत असेल तर त्याचा इअरफोन दुसऱ्याने अजिबात लावू नये, आणि त्यानेही बरा होईपर्यंत लावू नये.

आखातात असलेले बरेच वालिद विचारतात की इथून आणू का. हेच मॉडेल तिकडेही मिळतात. पण वॉरंटी बहुधा ज्या देशात घेतलं तिथलीच चालते, आणि कानाला बसला नाही तर परत करता येत नाही. दोन हजाराच्या आतली वस्तू इकडेच घ्यावी, पक्कं बिल घ्यावं आणि परत करायची मुदत संपायच्या आत तिन्ही टोप्या लावून बघाव्यात.